मेघदरीचा शेवटचा फॉर्मा

९ जानेवारी १९९४

आला! ‘मेघदरी’चा नववा भाग आला! शेवटचा! आठव्या भागाच्या शेवटी राजा वीरकेतूचा घोडा पाणी प्यायला वाकला होता. तेव्हापासून पाच वर्षं तो पितोच आहे. एवढ्या पाण्यात आमची आख्खी मुकुंदवाडी भिजली असती.

आमचे हे – रामकिसनराव – कामावरून येताना गुलमंडीच्या वाचनालयातून बातमी घेऊन आले. पण पुस्तक लगेच मिळायचं नाही. वाचनालयवाले बद्रीनाथभाऊ कुठलंही नवं पुस्तक आधी उसवतात, मग स्वतः शिवतात आणि जाड पुठ्ठ्यात घालतात. “छापखान्याची बांधणी टिकत नाय वहिनी.” बरं बाबा, शिवा.

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून लग्न होऊन आल्यापासून मीच वाचून दाखवते. वरणातलं मीठ, रेडिओ, माझा हसण्याचा आवाज – कशावरच आमचं जमत नाही. फक्त मेघदरीवर जमतं. डोळ्यांचं ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणतात, “कशाला? आपलं शेत गिळलेली कंपनी नीट दिसावी म्हणून?”

११ जानेवारी

ह्यांची बदली. पुणे! मार्चात जायचं.

मामा म्हणाले, “तुम्ही जा. मी नाय येत.”

ह्यांनी पेपर उघडला. हे नेहमीचंच. मग मीच म्हटलं, इथं एकटे राहून काय कंपनीच्या भिंतीला टेकून बसणार का? तर खरंच तेच करणार! आमची चिंचेची पट्टी, म्हणजे शेत, होतं तिथं आता कंपनीचं स्कूटर स्टँड आहे. रोज सकाळी मामा तिथवर जातात, कंपाउंडपाशी उभे राहतात आणि परत येऊन चहाला नावं ठेवतात.

शेवटी चिडून म्हणाले, “राजा काय करतो ते बघू. आपल्या मेघदरीत माघारी गेला तर मी हितंच. पुढं गेला तर येतो तुमच्यासंगं. झालं?”

वा! म्हणजे आमच्या घराचा निकाल आता करालमुख जादूगाराच्या धुक्यात अडकलेला एक राजा लावणार. ज्याला आठ भागांत एक घोडा आवरता आला नाही!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या आणि घरात बसा. शहरभर बंदोबस्त, गुलमंडी बंद, वाचनालय बंद.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं. रेडिओवर ऐकलं. आमच्या मागच्या वस्तीत हलग्या वाजल्या, बायका रडत होत्या, हसत होत्या. मी गच्चीवरून बघत राहिले. 

मामांनी विचारलं, “जुनं नाव काढलं का?”

“नाही. जुनंही ठेवलं, नवंही दिलं. नामविस्तार म्हणतात.”

“माझ्या चिंचेच्या पट्टीचं नाव गेलं तवा कुणी इचारलं नाय. प्लॉट नंबर झाला निस्ता.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “मामा, तुमच्या पट्टीचे पैसे आले. त्या लोकांची नावापायी घरं जळाली.”

मला वाटलं आता ताट भिरकावतात. ताट हळूच बाजूला सारलं. मग म्हणाले, “व्हय. ते बी खरंय.” आणि तिळगूळ मागून घेतला. कडक झालाय म्हणाले, ते वेगळं.

१९ जानेवारी

वाचनालय उघडलं. बंदच्या आधी एकेका रात्रीत वाचून काढलेल्यांचे शेरे ऐकून आले – फुकट! शेवट कुणी सांगायचा नाही अशी शपथ आहे, पण माणसं न सांगता सगळं सांगतात.

एक पेन्शनर मास्तर डोळे मिटून म्हणाले, “वर्तुळ पूर्ण झालं! काळ गोल आहे, बाई, गोल!” बँकेतल्या एक बाई म्हणाल्या, त्यांना काही कळलं नाही, म्हणजे नक्कीच फार मोठं असणार. कॉलेजच्या एका पोराला रात्रभर झोप लागली नाही म्हणे. आता लेखकमहाशयांना तत्त्वज्ञान सुचलं म्हटल्यावर आपलं कठीणच.

२३ जानेवारी

मिळाला. वाचन सुरू. घोडा अजून पितोय.

२६ जानेवारी

घोड्यानं मान वर केली! मामांनी टाळी वाजवली.

खरं सांगायचं तर रंगलंय. धुकं विरलं, मेघदरी रिकामी दिसतेय – ना माणूस ना गुरं, नुसत्या भिंती. राजा खिंडीत उभा. मागं प्रजा, बायका, लेकरं, नदीपलीकडं नवा मुलूख. समोर त्याची जुनी दरी. मामा पुढं सरकून सरकून खाटेच्या काठावर आले होते. मी मुद्दाम थांबले, भाकरी करायचीय म्हटलं. माझ्या सासूनं मला छळलं नाही, पण मी सासऱ्याला छळते!

२८ जानेवारी

घोटाळा!

मामांना वाचून दाखवण्याआधी शेवट स्वतः बघावा म्हणून दुपारी चोरून उघडला. “राजानं लगाम ओढला आणि” – पान उलटलं – “बाळराजे लाकडी तलवारीनं कोंबड्यांमागं धावू लागले.”

कोंबड्या? आता?

पानाचा आकडा बघितला. सतरा! पुढं अठरा, एकोणीस... बत्तीसपर्यंत. बत्तिसावर राजाचा दुधाचा दात पडतो आणि पुस्तक संपतं. हा पहिला भाग आहे! बद्रीनाथभाऊंनी जुना पहिला भागही त्याच दिवशी नव्यानं शिवायला काढला होता आणि सोळा पानांची घडी – फॉर्मा म्हणतात तिला – ह्याची त्यात, त्याची ह्यात!

काळ गोल आहे, बाई, गोल! कोंबड्यांमागं धावणारा काळ! मी स्वयंपाकघरात एकटीच बसून पोट धरून हसले. मग आठवलं, मामांना काय सांगू? हसू गेलं.

२९ जानेवारी

बद्रीनाथभाऊंना गाठलं. कपाळावर हात मारून घेतला त्यांनी. म्हणजे खरा शेवट आता पहिल्या भागात, सतराव्या पानावर. आणि पहिला भाग कुठं? तर फर्दापुरात! लेण्यांजवळ लॉज चालवणारे कुणी सखाराम शहरात आले होते, ते घेऊन गेले. कधी येतील? “येतील की कवातरी.”

त्या सखाराम महाशयांनी पहिल्या भागात सोळा पानांनंतर एकदम म्हातारा राजा बघितला आणि तक्रारसुद्धा केली नाही. असे वाचक आहेत म्हणून असे लेखक आहेत.

संध्याकाळी ह्यांना भाकरी वाढताना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “मग तूच सांग काहीतरी. बाबांना कुठं दिसतंय.” मामा ओसरीवर घोरत होते.

३ फेब्रुवारी

रोज एकच. “वाचतीस का आज?” रोज माझं डोकं दुखतं. रोज मामा म्हणतात, “लई डोकं दुखतं तुझं.”

सासरे इथंच राहिले तर सुटका होईल की गं, असं शेजारीण म्हणाली. मीही हो म्हटलं. मग मिठाच्या बरणीपाशी उभं राहून रडले. मला मामा हवेत तिथं, पुण्यात. चहाला नावं ठेवायला कुणीतरी हवं. झालं लिहून.

६ फेब्रुवारी

मामा फुलंब्रीला गेले, बहिणीकडं, द्वारकाबाईआत्यांकडं. “उद्या येतो” म्हणाले. दिसत नाही तरी एकटेच एसटीनं. हट्ट!

८ फेब्रुवारी

आज, बोलल्यापेक्षा एक दिवस उशिरा, आल्या आल्या खाटेवर बसले. “वाच. डोकं दुखत नसंल तर.”

मी पुस्तक उघडलं. समोर कोंबड्यांमागं धावणारे बाळराजे. आणि मी वाचायला लागले – कधी नव्हे ते घडाघडा, न अडखळता, पुस्तकात एकही ओळ नसलेलं.

राजानं लगाम ओढला आणि घोडा वळवला. मेघदरीकडं पाठ केली. म्हणाला, दरी तिथंच राहील, लेकरं राहणार नाहीत. नदी ओलांडली. लेकरांनी विचारलं, नव्या गावाला नाव काय? राजा म्हणाला, जुनं मेघदरी ठेवा, आणि त्यापुढं ज्यांनी वाटेत सोसलं त्यांचंही नाव लावा. दोन्ही राहू द्या.

 मामांनी डोकं खाली घातलं होतं.

“संपलं?”

“संपलं.”

“ह्ये नावाचं... लेखकानं पेपर वाचून लिव्हलंय काय?”

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, “लेखकच तो मामा, काहीही लिहितो.”

“बोलतो बी लई साधं. आठ भाग संस्कृतात बोलत होता. हितं एकदम आपल्यावानी.” मग उठले. “बांधा माझी बी वळकटी. डोळं बी पुण्यातच करू.”

हे आतल्या खोलीत खोकले. हे असेच आनंद व्यक्त करतात.

२ मार्च

नववा भाग मागंच देऊन आले होते, आज वाचनालयाची उरलेली पुस्तकं परत करायला गेले. तिथं महायुद्ध! सखारामनं पहिला भाग परत पाठवला, बद्रीनाथभाऊंनी फॉर्मा काढून जिथला तिथं शिवला आणि सगळ्यांना खरा शेवट वाचायला बोलावलं. समाधान? छे! मास्तर म्हणतात, चुकीचा शेवटच थोर होता. बँकेतल्या बाईंना हा लगेच कळला, म्हणून आवडला नाही. कॉलेजच्या पोराला आता झोप लागते, त्याचं त्याला दुःख.

मी विचारलं, राजा काय करतो?

बद्रीनाथभाऊ माझ्याकडं बघतच राहिले. “म्हणजे? तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं नाय? गेल्या महिन्यात फर्दापूरला सखारामच्या लॉजवर गेले होते म्हणं. पुस्तक वाचून घेतलं त्याच्याकडून. राजा माघारी जातो वहिनी. मेघदरीत, एकटाच. प्रजा नदीपल्याड. म्हातारबा ऐकून लई रडले, सखारामनं सांगितलं.”

फुलंब्रीची एसटी पुढं फर्दापूरलाच जाते. आणि त्या संध्याकाळी, मी ह्यांना सगळं सांगत होते तेव्हा, ओसरीवर घोरणारे मामा घोरत नव्हते.

म्हणजे आठ तारखेला मी वाचत होते तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

५ मार्च

एसटीत. मामा खिडकीशी, वळकटी मांडीवर. कंपनीचं गेट गेलं, तिकडं बघितलंसुद्धा नाही. मीच धीर करून विचारलं, “मामा, खरा राजा तर माघारी गेला. मग तुम्ही का आलात?”

म्हणाले, “त्याला सून नव्हती.”