मधली पानं

४ ऑगस्ट
वाचनालयाच्या शनिवारच्या सभेतल्या भाषणाची सुरुवात सुचली. "पालकहो, पोरं वाचत नाहीत म्हणून तुम्ही-आम्ही एकाच सुरात रडतो. आणि एखादं पोरगं पुस्तकाला चिकटलं की आपणच ते हिसकावून घेतो!" इथे टाळ्या पडतील.

प्रश्न माझ्या कपाटाचा आहे. भयकथा, उद्याच्या बिघडलेल्या जगाच्या कादंबऱ्या – तेरा ते अठराच्या पोरांसाठी मी वाचनालयात एकेक करून जमवलेल्या. एका आईची तक्रार आली: कपाटाला कुलूप घाला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, लेकरांना घाबरवून तुम्हाला काय मिळतं?"
म्हटलं, "ती आधीच घाबरलेली असतात. मी फक्त सोबत देते."
वाक्य बरं जमलं. भाषणात घेते.

५ ऑगस्ट
तक्रार चष्मेवालीच्या आईची. हे झोंबलं.

चष्मेवाली चौदा वर्षांची. मोठा भाऊ गेल्या वर्षी अपघातात गेला. तेव्हापासून रोज शाळा सुटली की येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, पुस्तकाला हात लावत नाही. महिन्यापूर्वी पहिल्यांदा तोंड उघडलं: "भुताचं नको. पण भीती वाटेल असं द्या."
मी दिली ती पाणी संपलेल्या शहराची कादंबरी. बहीण-भाऊ तटबंदी ओलांडून पळतात, शेवटी बहीण नदीपाशी पोचते. आशेचा शेवट. वाटलं, हिला हेच हवं.

आई म्हणते, या पुस्तकानं घरात रडारड झाली. रडारड कशानं?

६ ऑगस्ट
दुसरी प्रत काढून बसले. खरं लिहायचं तर – मी नवीन पुस्तकाची पहिली तीस पानं आणि शेवटची दहा वाचते. बावीस वर्षं हेच. शितावरून भाताची परीक्षा. कधी फसले नव्हते.

अकराव्या प्रकरणात भाऊ मरतो. बहिणीच्या मांडीवर. सहा पानं.
नदीपाशी ती एकटीच पोचते, हे मी वाचलं होतं. तो मागून येत असेल असं धरून चालले.

७ ऑगस्ट
ताईला सांगितलं. ती मटार सोलत होती.
"तू चुकलीस म्हणून कपाट चुकलं का?"
"नाही."
"मग तसं सांग सभेत."
"सगळ्यांसमोर?"
"एरवी तर तुला माईकसुद्धा लागत नाही."

८ ऑगस्ट
चष्मेवाली आठवडाभर आलेली नाही. खुर्चीवर कोणीतरी छत्री ठेवून गेलं होतं. उचलली.

९ ऑगस्ट
भाषण केलं. अर्धं लिहिलेलं, अर्धं न लिहिलेलं. म्हटलं, "पुस्तक वाईट नाही. मी ते पुरतं न वाचता दिलं. कुलूप घालायचंच तर माझ्या तोंडाला घाला, कपाटाला नको." कोणी टाळी वाजवली नाही. चष्मेवालीची आई शेवटच्या रांगेत होती, खाली बघत.
समितीची मतं पाच विरुद्ध चार. कुलूप. अध्यक्षांनी किल्ली माझ्याच हाती दिली, म्हणाले, "राग मानू नका."
मानला.

११ ऑगस्ट
दुपारी ती आई आली. एकटीच. कादंबरी टेबलावर ठेवली.
"रडत मी होते, बाई. ती नाही. तिनं ते प्रकरण मला मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्षभर आमच्या घरात त्याचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं. पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही, उठून गेले." मग पुस्तकावर हात ठेवून, "पुढे त्या बहिणीचं काय होतं?"
शेवट मला पाठ आहे. सांगितला नाही. कादंबरी त्यांच्या नावावर चढवली आणि त्यांच्या हातात दिली.
"घरी जा. तिच्याजवळ बसा, आणि म्हणा – बारावं प्रकरण वाचून दाखव."