दुसऱ्यांच्या पाळीचं घर

४ नोव्हेंबर

चि. बापूस,
अनेक उ. आ.

तुमची बांधकामाची टोळी पुढच्या गावी गेली आणि त्याच दिवशी मी नि चिमी कारखान्याच्या वसाहतीतल्या नव्या घरात आलो. तंबूतून निघताना चिमीने विचारलं, तिथल्या भिंती वाऱ्याने हलतील का? म्हटलं, तुझ्या मामाने बांधल्यात, काय सांगावं! पण खरं सांगू? दोन खोल्या, चूल, घरात नळ. दाराला आतून कडी घातली आणि मला रडूच आलं. लाकूड मात्र ओलं वापरलंत. मागचं दार लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. लहानपणी तूही तसाच उठायचास.

यांचं आघाडीवरून पत्र आलं, खुशाल आहेत. कारखान्यात माझ्या शेजारी तोफगोळे भरायला एक बाई असते. लढाईआधी कपडे शिवायची, म्हणून सगळे तिला शिंपीणच म्हणतात. ती म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन अजून तंबूत आहे. त्यांचा खोकला ऐकवत नाही. तिच्यासाठी कुणाकडे शब्द टाकशील का? घरांच्या यादीत माझा नंबर इतक्या लवकर कसा लागला, असं बायका विचारतात. मी म्हणते, नशीब.

जेवणाची हयगय करू नकोस, आणि आमची आठवण ठेव.
तुझी ताई

१३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. तयार भिंती ट्रकमधून येतात. सकाळी जिथे बटाट्याचं शेत होतं, तिथे दिवस मावळेपर्यंत गल्ली उभी राहते. रंग सुकायच्या आत माणसं सामान घेऊन दारात.

मागच्या दाराच्या कडांना मेण चोळ. शिंपीणबाईंचं बघतो, पण तिकडची पुढची घरं आता थंडी सरल्यावरच. नंबराबद्दल बायकांशी फार बोलत बसू नकोस.

चिमीला गोड पापा. माया आहे तशीच राहू दे.
तुझा बापू

२४ नोव्हेंबर

चि. बापूस,
अनेक उ. आ.

रविवारी शिंपिणीला आणि तिच्या सासऱ्यांना ऊब घ्यायला घरी बोलावलं. म्हातारबाबा कुणी न सांगता आतल्या खोलीत गेले आणि खिडकीखालच्या भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. शिंपीण ओशाळून म्हणाली की बाबांनी आपल्या खाटेची जागा तिथे ठरवली होती. घराला छप्परही नव्हतं, तेव्हा एक उंच, वाकून चालणारा मुकादम त्यांना इथे घेऊन आला होता. किल्ली उद्या देतो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, चूक झाली, थांबावं लागेल. हे सगळं तिने हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. वर माझे पडदे छान आहेत म्हणाली.

मी चहा ओतत राहिले. तू माझा भाऊ आहेस, हे तोंडातून निघालं नाही.

बापू, तो मुकादम तूच ना? आडवळणाने लिहू नकोस.
ताई

१ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मीच. चिमीचा ताप उतरत नव्हता. तुझ्या तंबूत गुडघ्याएवढा चिखल होता. किल्ल्या माझ्या हातात होत्या आणि सगळीच घाई, कुणी विचारणारं नव्हतं. मनाची समजूत घातली की आठवड्याभरात त्यांनाही दुसरं घर देईन. मग टोळी हलवण्याचा हुकूम आला. आता कुणाच्या हातात किल्ली दिली की ते आशीर्वाद देतात, आणि मला मान वर करवत नाही.

साहेबांना कळलं तर नोकरी जाईल. पण तू म्हणशील ते करीन. एका घरात दोन कुटुंबं ठेवायला मनाई आहे, एवढं मात्र ध्यानात असू दे.

माया कर, असं म्हणायला जीभ रेटत नाही.
बापू

१४ डिसेंबर

चि. बापूस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्या दोघांना घरी घेऊन आले. दारातच तिला सगळं सांगितलं. ती बाबांना धरून आत गेली. वसाहतीचा रखवालदार मनाई सांगायला आला, त्याला म्हटलं, आधी मला बाहेर काढ. तो गुमान गेला.

बाबा खिडकीखालच्या खाटेवर फार दिवस राहिले नाहीत. गुरुवारी गेले. डॉक्टर म्हणाले, छाती तंबूतच निकामी झाली होती.

काल भांडी घासताना शिंपीण आपणहून बोलली. तिचा भाऊ मागच्या वर्षी आघाडीवर पडला. तो असता आणि किल्ल्या त्याच्या हातात असत्या, तर त्यानेही बहिणीसाठी हेच केलं असतं, म्हणाली. बापू, तिने शिव्या दिल्या असत्या तर सोसवल्या असत्या. हे सोसवत नाही.

ती आता इथेच राहणार. रविवारी ये आणि तिच्यासमोर उभा राहा. मी तुझी बाजू घेणार नाही. पण तुझ्या शेजारी उभी राहीन.

माया आटलेली नाही, म्हणून तर बोलावते आहे.
ताई