मुठीत राहिलेली चिठ्ठी

ब्युनोस आयरेस, एप्रिल २००३

प्रिय नेलिदा,

अक्षर डाव्या हाताचे आहे. घाबरू नकोस, उजव्याची दोनच बोटे मोडली आहेत.

काल आमच्या पक्षाच्या कचेरीत विरोधकांचे दांडकेवाले घुसले. दोघांची डोकी फोडून त्यांनी आमच्या उमेदवाराच्या, पक्षाने छापून घेतलेल्या मतचिठ्ठ्या पेटवल्या. मतदानाच्या खोलीत आमची चिठ्ठीच ठेवलेली नसेल, तर मतदार पाकिटात घालणार काय?

माझी मूठ उघडेना, तेव्हा एकाने तिच्यावर बूट दाबला. "मास्तर, समाजवाद आता राखेतून वेचा!"

आर्थिक संकट सर्वांवर सारखेच आले, असे त्यांचा उमेदवार म्हणतो. मग कारखाने बंद पडले आणि मालकांचे बंगले शाबूत राहिले, ते कसे?

तुझा गुडघा कसा आहे?

मुठीतली चिठ्ठी सोबत आहे. तू आम्हाला कधीच मत दिले नाहीस. तो तुझा अधिकार. रविवारी मात्र मतदानाला जाताना ही घरूनच ने. रक्ताचा कोपरा कातरून टाक. डाग दिसला तर मत बाद ठरवतील.

तुझाच,
एउसेबियो