दोऱ्याखालची चीर

मी, खाली सही करणारी, धनुर्विद्येच्या मैदानामागच्या गल्लीत लाकडी बाण करून विकणारी विधवा, वय एकोणसत्तर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मैदानावर मला बाणवाल्या बाई म्हणतात. लाकडाचा भुसा आणि पॉलिशची वाफ यांनी माझी फुप्फुसे खाल्ली, डोके मात्र ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी शेवटी लिहून दिले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. ते आमच्या यांनाही कधी जमले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी दोन्ही मुलांना सारखे वाटले होते. तेव्हा धाकटीचा हात चांगला होता.

१. राहते घर, भांड्याकुंड्यांसह, माझ्या मुलीला, म्हणजे धाकटीला द्यावे. दारांच्या कड्या आणि नळाच्या चाव्या एका हाताने फिरतील अशा मी बदलून घेतल्या आहेत. बँकेतील ठेवही तिचीच. तिची तीन बोटे आता मिटणार नाहीत असे डॉक्टर म्हणतात. तरी तिने उपचार सोडू नयेत, ही माझी आज्ञा समजावी.

२. वखारवाल्याने जन्मभर चांगल्या लाकडाखाली गाठी असलेले लाकूड दडवून माझ्या गळ्यात मारले. त्यातून निघालेल्या वाकड्या काड्यांचा भारा माळ्यावर आहे. तो त्याच्या घरी पोचता करावा. टोमॅटोच्या रोपांना टेकू म्हणून उपयोगी पडतील.

३. दुकानाबद्दल नीट लिहिणे भाग आहे.

आमचे बाण उघड्या मैदानावर टिकतात, हे नाव आमच्या यांनी कमावले. ओल्या गवतात पडलेला लाकडी बाण पाणी पितो, फुगतो आणि पिळवटतो. म्हणून हे सरळ रेषांचेच लाकूड निवडत, काडीला जवसाचे तेल पाजत, वर पॉलिशचे हात देत. पुढचा वीतभर भाग कठीण लाकडाचा सांधत, कारण दगडावर आपटतो तो तोच. टोकामागे आणि पिसांपुढे लाल दोरा घट्ट गुंडाळत. तो दोरा पाहून लोक डोळे मिटून बाण घेत.

ह्यांचा नियम मात्र एकच होता. सोडण्याआधी प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवायचा, फिरवायचा, पुन्हा वाकवायचा. करकरला तर तिथल्या तिथे गुडघ्यावर मोडायचा. नुसता टाकून द्यायचा नाही, कारण टाकलेला बाण कोणीतरी उचलतोच. दोरा धडधाकट बाणासाठी असतो, चिरलेल्यासाठी नाही, असे हे म्हणत.

हे गेल्यावर माझ्या मुलाला, थोरल्याला, बाण मोडणे जिवावर येऊ लागले. लोक दुरुस्तीला आणत ते चिरलेले बाण तो माझ्या पाठीमागे स्वतःच्या घरी नेई, चिरेवर चार बोटे जास्त दोरा गुंडाळी, पॉलिश मारी आणि परत देई. असाच एक बाण मैदानावरच्या सरावाच्या भात्यात गेला. धाकटीने तो उचलला. जन्मभर प्रत्येक बाणाला कान लावणाऱ्या माझ्या पोरीने त्या सकाळी घरचा दोरा पाहिला आणि कान लावला नाही. बाण सुटताना फुटला आणि धनुष्य धरलेल्या तिच्या डाव्या हातात, अंगठ्याच्या बुडातून मनगटापर्यंत शिरला.

डॉक्टरांनी काढलेली ढलपी मला दिली. तिच्यावर लाल दोरा तसाच होता. मी ती थोरल्यापुढे ठेवली. तो म्हणाला, "वरून तर चांगला दिसत होता."

धाकटी त्याला एका शब्दाने बोलली नाही. मी बोलले, आणि त्यानंतर आमचे बोलणे बंद आहे. ती ढलपी दुकानात बरणीत ठेवली आहे. ती तिथून हलवू नये.

४. दुकान, हत्यारे आणि नाव थोरल्याला मिळावे, पण एका अटीवर. त्याने दुरुस्त केलेले बाण अजून लोकांच्या भात्यांत आहेत. कोणाकडे किती, हे त्यालाही सांगता येत नाही. त्याने घरोघर आणि मैदानावर हिंडून लाल दोऱ्याचा प्रत्येक बाण गोळा करावा, कारण विचारल्यास खरे सांगावे, आणि मैदानाच्या राखणदारासमोर एकेक वाकवून पाहावा. करकरेल तो मोडावा. ज्याला चांगला म्हणेल, तो मालकाला परत देण्याआधी स्वतः सोडावा. डाव्या हातात मोजा घालू नये.

अट न पाळल्यास दुकान बंद करून माल जाळावा. पोटचा गोळा आहे, त्याचा हात फुटावा असे मला वाटत नाही. त्याला भीती वाटावी असे वाटते. भीती वाटली तर तो कान लावील.

५. हे कलम मागाहून घातले आहे. मसुदा मी धाकटीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आई, मोजा घालू दे गं दादाला."

मी ती ओळ खोडलेली नाही. तिच्याखातर एवढेच वाढवते: बाण तपासताना धाकटीने थोरल्याच्या शेजारी उभे राहावे. बाण करकरला की नाही याचा त्याला निर्णय होईना, तर त्याने तो तिच्या कानाशी धरावा आणि ती सांगेल ते ऐकावे. तिचा हात गेला आहे, कान शाबूत आहे.

व्यवस्थापक म्हणून मी मैदानाच्या राखणदाराला नेमते. त्याला कोणाची भीड पडत नाही.

लिहिलेले सारे पुन्हा वाचले. बदलण्यासारखे काही नाही.

सही: बाणवाल्या बाई
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाईंना मी तपासले. श्वास अपुरा आहे, बुद्धी स्थिर आहे. मुलीच्या हातातली ढलपी मीच काढली होती.

साक्षीदार दुसरा: मैदानाचा राखणदार. बाईंनी माझ्यासमोर सही केली. थोरला सगळा वेळ दाराबाहेर उभा होता. जाताना त्याने मला विचारले, सरावाचा भाता कुठे ठेवलाय.