उपरण्याखालचा शब्द

अप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला एक गोष्ट विचारायची राहून गेलीय. रागावून नाही हो, राग केव्हाच विरला. नुसतं कुतूहल उरलंय, आणि ते काही केल्या जात नाही.

आपल्या वखारीत आंब्याचा भाव कधी तोंडाने होत नसे. बागायतदार समोर बसला की तुम्ही दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचात आणि आत बोटांनी सौदा चालायचा. एक बोट धरलं की एक, पाचही धरली की पाच. वर मात्र तुम्ही त्याच्या गुराढोरांची चौकशी करताय! तुम्हाला मुलगा नव्हता म्हणून असेल, पण ती बोटं तुम्ही मला हौसेने शिकवलीत. "चेहऱ्यावर काही दिसता कामा नये गो," म्हणायचात. आणि उपरण्याखाली दिलेला शब्द मोडायचा नाही, तिसऱ्याला सांगायचा नाही, हे दोनदा बजावलंत.

मग लोकांनी तुम्हाला म्युनिसिपालटीत निवडून आणलं, आणि आंब्याचा व्यापारी एकाएकी धर्माचा राखणदार झाला. घरी नवी पगडी आली. आई हसून म्हणाली, "आता सगळं उघड बोलावं लागेल हो, जमेल का?" पहिल्याच वर्षी मुलींसाठी इंग्रजीचा वर्ग काढायचा ठराव आला. त्याच्याविरुद्धचं भाषण तुम्ही माझ्यापुढे पाठ केलंत. मी सैपाकघराच्या उंबऱ्यावर कागद धरून बसलेय, तुम्ही येरझारा घालताय. "इंग्रजी शिकलेली मुलगी चूल फुंकणार नाही, आणि... आणि..." "आणि घर राखणार नाही," मी आठवण करून देते. "शाब्बास!" तुम्ही म्हणता. अप्पा, तेव्हा तुम्हाला हसू कसं फुटलं नाही? की फुटलं होतं आणि चेहऱ्यावर येऊ दिलं नाहीत?

पेट्यांत पेंढा भरायला येणाऱ्या बाईंची मुलगी माझ्याच वयाची, मराठी शाळेत कायम माझ्या पुढे. तिला दवाखान्यात नर्स व्हायचं होतं, आणि त्याला इंग्रजी लागे. तिने मला विहिरीवर गाठलं. "तू सांग गो अप्पांना, तुझं ऐकतील ते." मी म्हटलं, "विचारते."

सभेच्या आदल्या दुपारी वखारीत कुणी नव्हतं. मी तुमच्यासमोर बसले, तुमचं उपरणं ओढून हातांवर घेतलं आणि म्हटलं, "मला इंग्रजी शिकायचंय. किती वर्षं देता?" तुम्ही बंदरातल्या आगबोटीकडे बघितलंत. मग माझी पाचही बोटं घट्ट धरलीत.

दुसऱ्या दिवशी सभेत ठरावाविरुद्ध तुमचा हात वर गेला आणि ठराव पडला. महिन्याभरात एक निवृत्त मास्तर आपल्या मागीलदारी येऊ लागले. पाच वर्षं आले, तुम्ही शब्द पाळलात. तोवर तुम्ही मुंबईला कौन्सिलात पोचला होतात. तिथेही तेच भाषण, त्याच टाळ्या. आणि घरी आलात की पहिल्यांदा काय, तर इंग्रजी पुस्तक मागवून माझ्याकडून धडा वाचून घ्यायचात! मला एवढंच जाणून घ्यायचंय, तुमचा विश्वास कशावर होता? भाषणावर, की माझ्यावर? की आपली मुलगी शिकून बिघडायची नाही, बिघडतील त्या दुसऱ्यांच्या, असं खरंच वाटायचं तुम्हाला?

ती मैत्रीण जन्मभर पेंढाच भरत राहिली. मागे एकदा बाजारात भेटली, तेव्हा सहज म्हणाली, "तेव्हा विचारलं होतंस ना गो?" मी म्हटलं, "विचारलं होतं. अप्पांनी ऐकलं नाही."

साफ खोटं, अप्पा. तिचं नावसुद्धा मी काढलं नव्हतं. ठराव पडला त्या दिवशी मला वाईटही वाटलं नव्हतं. तुम्हाला इतके प्रश्न विचारतेय खरी, पण त्या दुपारी तुमच्या हातात हात होता तो माझाच.

हे तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही. ती अजून खालच्या आळीत राहते, आणि तिला वाचता येतं.