मामाच्या गाडीचा दुसरा गिअर

२१ सप्टें., रवि.
परत तेच. आई म्हणते मामाची गाडी तू घे, घरातली गाडी घरात राहील. घरात ठेवायला ती काय समई आहे का. दहाचाकी ट्रक आहे, २०१२ चं मॉडेल. मीटरवर आठ लाख एकाहत्तर हजार कि.मी., आणि गेली दोन वर्षं तेवढेच. म्हणजे मीटर बंद, गाडी चालूच. हे आईला फोनवर समजावलं तर म्हणली, मग कमीच चालली की.

वर मी पाच वर्षांत चार शेठ बदलले ते ऐकवलं. स्वतःची गाडी असली की माणूस टिकतो म्हणे. तुझा मामा टिकला बघ तीस वर्षं. टिकून काय झालं? कोपरखैरण्यात एक खोली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

हे शेवटचं लिहायला नको होतं.

२३ सप्टें.
मामाकडं जेवायला गेलो. पितृपक्ष संपेपर्यंत मामा विषय काढणार नाही हे माहीत होतं. आज काढला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून बसला होता. वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरनं सांगितलंय. डावा डोळा दिवाळीनंतर. पुढं गाडी चालवणार नाही, हे त्यानं स्वतःच सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

भंगारवाला ३.२० लाख देतो म्हणतोय. मला आधी सहा सांगितले होते, आज आपणहून पाचवर आला. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. आत्ता दोन-सव्वादोन दे, बाकीचे जमतील तसे, म्हणाला. माझ्याकडं २.४० आहेत. हे मामाला कुणी सांगितलं ते वेगळं लिहायला नको.

मामा हात धुवायला उठल्यावर मामी हळूच म्हणली, भंगारवाल्याचा फोन आला की हे जेवतच नाहीत. मग मला अजून एक चपाती. मग अजून एक. नको म्हणता आलं नाही.

२७ सप्टें.
शेठच्या ट्रेलरवर द्रोणागिरीला कंटेनर टाकून आलो. माझ्या खोलीवरच्या दत्ताला सुट्टी होती, एकटा बसून काय करू म्हणून बरोबर आला. वाटेत म्हणाला, "गण्या, तू त्या गिअरला गुडघा लावून का बसतोस? बायको हाय का ती?"

माझ्या लक्षातच नव्हतं. मामानं शिकवलं तसं बसतो. चढाला डावा गुडघा दांडीला टेकवायचा. सात वर्षं झाली. मला वाटायचं सगळे पक्के ड्रायव्हर असंच करतात.

गाडीचं सांगितलं तर दत्ता म्हणाला, मिस्त्री घेऊन जा, खालून बघू दे. त्याचं बरोबर आहे. पण मामाच्या गाडीखाली मिस्त्री घालायचा म्हणजे पोरगी बघायला जाताना डॉक्टर बरोबर नेण्यासारखं. आमच्यात होत नाही.

स्वतःची गाडी पाहिजे का? पाहिजे. शेठच्या गाडीत बसलं की दोन महिन्यांत पाय वळवळतात. पण ही?

१ ऑक्टो., खंडेनवमी
चूक केली.

कळंबोलीच्या ट्रक अड्ड्यात सकाळी सगळ्या गाड्या धुतल्या. शेठच्या ट्रेलरची पूजा उरकून मामाच्या गाडीकडं गेलो. मामा-मामी रिक्षानं आले होते. मी झेंडूचा हार बांधला, काचेला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मामानं नारळ घेतला, वाकायला गेला, मामी ओरडली. मग त्यानं नारळ माझ्या हातात दिला. मी फोडला. एका फटक्यात दोन सरळ भकलं झाली.

आता अड्ड्यात कुणालाही विचारा. लिंबं ड्रायव्हर ठेवतो, नारळ मालक फोडतो. मला माहीत होतं. पण त्या वेळी डोक्यात फक्त मामाचा डोळा होता.

शेजारचे दोघे येऊन हातात हात देऊन गेले. अभिनंदन. मामीनं मला ओवाळलं. मामा चष्मा काढून डोळा पुसत होता, पुसायचा नाही सांगितलंय त्याला. मी खोबरं वाटत फिरलो. "नाही, तसं नाही" एवढं म्हणायचं होतं. पण ते खोबरं वाटताना कसं म्हणायचं.

२ ऑक्टो., दसरा
सकाळीच आईचा फोन. मामीनं कालच कळवलेलं. आईनं गल्लीत साखर वाटली. बापाच्या फोटोलासुद्धा सांगितलं म्हणली. मी म्हणलं, आई, अजून काही ठरलं नाही. तर म्हणली, नारळ फोडून ठरलं नाही व्हय रं?

सोनं द्यायला मामाकडं गेलो नाही. दसऱ्याला पहिल्यांदाच.

५ ऑक्टो., रवि.
मामानंच फोन केला. चाकणचा माल आहे, लोखंडी अँगल, सोळा टन. चल, तू चालव, मी बसतो. म्हणजे मिस्त्री न आणता त्यानंच मला गाडी दाखवायचं ठरवलं होतं. हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

खोपोलीपर्यंत गाडी लोण्यासारखी. इंजिनचा आवाज अजून गोड. मी मनात पाच लाख कबूल करून टाकले होते. घाट लागला. दुसऱ्यात टाकली, गुडघा आपोआप गेला दांडीला. दत्ताचं आठवलं, हसू आलं, मुद्दाम गुडघा काढला.

खट. गिअर सुटला. इंजिन मोकळं ओरडलं, गाडी थांबली आणि मागं सरकायला लागली. सोळा टन. मागं एक बस. ब्रेक दाबून धरला, गाडी थांबली.

मामा ओरडला नाही. पहिला टाक म्हणाला. टाकला. मग दुसरा. आणि दुसऱ्यात पडल्याबरोबर त्यानं हात लांबवून दांडी धरली ती घाट संपेपर्यंत सोडली नाही. जोर लावू नका सांगितलेला माणूस. मनगटाच्या शिरा दिसत होत्या.

वर चहाला थांबलो. बराच वेळ तो फुंकत बसला, चहा गार झाला तरी.

"गुडघा का काढलास?"

म्हणलं, मला वाटलं ती सवय आहे.

"सवय न्हाय बाळा. गाडी भरलेली असली की दुसरा सुटतो. तू शिकाय आलास त्याच्या आधीपासनं. गिअरबॉक्स खोलायचा तर पंधरा दिवस गाडी उभी. तेवढे दिवस कधी निघालेच न्हाईत. तुला शिकवताना गुडघा दाखवला, का लावायचा ते सांगायचं राह्यलं."

सात वर्षं मी एक बिघाड हुशारी समजून सांभाळला. शेठच्या नव्या गाडीतसुद्धा. राग यायला पाहिजे होता. आला पण, थोडा. पण त्याच्या मनगटाकडं बघून तो कुणावर काढायचा ते कळेना.

मग मामा म्हणाला, "नारळ फोडलास म्हणून घिऊ नगं. आक्कीला मी सांगतो काय सांगायचं ते."

आक्की म्हणजे आई. तिला असं फक्त तोच म्हणतो.

चाकणला माल उतरवला. रिकाम्या गाडीत दुसरा एकदाही सुटला नाही. येताना मामा झोपला, तोंड उघडं टाकून. त्याला माझ्या शेजारी झोपताना मी कधी बघितलं नव्हतं. आधी मीच झोपायचो त्याच्या शेजारी.

७ ऑक्टो.
शेठच्या ट्रेलरवर गुडघा न लावता चालवून बघितलं. पुलाच्या चढाला परत गेलाच.

मामाला फोन केला, म्हणलं आता मिस्त्री आणू का. तो हसला. म्हणाला, मी वाटच बघत होतो, पण मी कसं म्हणू.

दोघंही एकाच गोष्टीला लाजत होतो तर.

८ ऑक्टो.
मिस्त्री गाडीखाली जाऊन आला. इंजिन अजून दोन-तीन वर्षं बघायला लागणार नाही, चेसिस चांगली. गिअरबॉक्स खोलल्याशिवाय सांगता येणार नाही. तीस हजारांत होईल, नाहीतर सत्तर. खोलायचेच पाच हजार, आधी द्यायचे. मामा लांब उभा राहून टायरला हात लावत होता. लहान मुलाला इंजेक्शन देताना बाप उभा राहतो तसा.

भंगारवाल्याला त्यानं रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. माझ्यासाठी. मी काही मागितलं नव्हतं.

१० ऑक्टो.
पगार झाला. मिस्त्रीला पाच हजार दिले, उद्या सकाळी खोलणार. बँकेतल्या २.४० ला हात लावला नाही, ते वेगळे ठेवलेत. घेणार का? आत काय निघतं ते बघून. सत्तरचं काम निघालं तर... बघू.

आईचा फोन आला होता. मामानं तिला सगळं सांगितलंय. गाडी घे असं आज एकदाही म्हणली नाही. जेवलास का, एवढंच. मग फोन ठेवता ठेवता, गुडघा दुखतो का रं तुझा?

नाही म्हणलं.

दर महिन्याला तिला नऊ हजार जातात. ह्या वेळी चार हजार पाठवतोय.