नऊ मुलांची शाळा

७ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. (यातलं कुठलं अक्षर कशाचं ते तूच शिकवलं होतंस, मी विसरले. पण नमस्कार पोचला असेल.)

मी पोचले. खोली मिळाली, किल्ली मिळाली. मी इथे कशाला आले आहे ते मात्र अजून सापडायचं आहे. फोनवर आईला ऐकू येत नाही आणि तुला बोलता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं.

निघताना तू विचारलं होतंस, पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाल्यावर ही उन्हाळी तयारी आणखी कसली. तर खरा अभ्यास सुट्टीनंतर सुरू होणार. त्याआधी पुस्तकं सोडून वर्षं लोटलेल्या आमच्यासारख्यांना वळण लावायला हा वर्ग. विषय आंतरराष्ट्रीय शिक्षण, म्हणजे देशोदेशीच्या शाळा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. आमच्यात एक नर्स आहे, एक बँकेतली नोकरी सोडून आलेला आहे, आणि एक उंच गृहस्थ आहेत जे कुणीही काहीही म्हटलं तरी मान हलवतात. मी त्यांना मनातल्या मनात मानडोल्या म्हणते. इतकी वर्षं मी फळ्यासमोर उभी राहिले, आता चाकांच्या खुर्चीवर गोलात बसते. कुणी तावातावाने बोलायला लागलं की ते हळूहळू मागे घरंगळतं.

शिकवणाऱ्या बाई म्हणतात, मला नावाने हाक मारा. माझ्या तोंडून नाव बाहेर पडत नाही. म्हणून आधी खोकते आणि मग एकदम प्रश्नच विचारते. काल त्यांनी मला घशाच्या गोळ्या आणून दिल्या.

शिवाय इथे काही म्हटलं की ते आधी कुणी म्हटलंय ते सांगायला लागतं. मी लिहिलं, पोट रिकामं असलं की पाढे डोक्यात शिरत नाहीत. बाईंनी समासात विचारलं, संदर्भ? आता आईचं नाव देऊ, पण पान क्रमांक काय घालू?

शाळेतली पिल्लं कशी आहेत ते लिही. आईला सांग मी वेळेवर जेवते. लोभ आहेच, पाकिटात मावेल तेवढा पाठवत जा.

तुझी,
वटवट

१८ एप्रिल

चि. वटवटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आईने एकदा वाचलं आणि तू बारीक झाली असशील असा निकाल दिला. पत्रात तसं कुठेही नाही हे मी सांगून पाहिलं.

घशाच्या गोळ्या फुकट मिळताहेत तोवर खा. त्या मान हलवणाऱ्या गृहस्थांना नावं ठेवू नकोस. नव्या गावात मान हलवणारा एक तरी माणूस लागतो.

इकडे सुट्टी आहे. मी खोल्या धुऊन काढल्या, फळ्याला काळा रंग दिला. आईची तब्येत बरी, हल्ली बोलणं कमी झालंय इतकंच. पिल्लं मजेत. शाळेचं विशेष काही नाही. असलं तर कळवीन.

अभ्यास कर, माझी काळजी करू नकोस. माया कमी पडणार नाही.

तुझा,
दादा

२९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझा इथे मोठा पचका झाला आहे. हसणार असशील तर आईसमोर हस, म्हणजे तीही बोलेल.

बाईंनी वर्गाला एक शाळा दिली. कागदावरची. एका डोंगराआडच्या गावात दोन खोल्यांची शाळा. मुलं नऊ. शिक्षक एकच, मुख्याध्यापकही तोच आणि घंटा वाजवणाराही तोच. वाऱ्याने पत्रे वाजतात म्हणून छपरावर दगड ठेवलेले. खाली मोठ्या रस्त्यावर मोठी शाळा आहे. प्रश्न असा की ही छोटी शाळा चालू ठेवावी की मोठ्या शाळेत मिसळावी. वर्गाचे दोन गट केले. मी 'मिसळा'वाल्यांत पडले.

दादा, दगडांपर्यंत येताच मी वाचायची थांबले. ते दगड मी तुझ्या हातात दिलेत, तू शिडीवर होतास. मी उभी राहिले, खुर्ची मागे घरंगळत भिंतीला लागली. म्हटलं, ही माझ्या भावाची शाळा आहे, मी तिथे शिकले आहे, कुणाला विचारून तुम्ही ती इथे आणलीत? मानडोल्यासुद्धा मान हलवायचे थांबले.

बाईंनी मला पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, ते गाव समुद्रापलीकडचं आहे, तिथे तुमची भाषाही कुणी ऐकलेली नसेल. वर म्हणाल्या, दरवर्षी कुणी तरी असंच उठतं आणि ही आमची शाळा म्हणतं. दोन वर्षांपूर्वी तर एकाच वर्गात तिघं उठले होते.

मी बसले. तेव्हापासून डोक्यात नुसता गुंता झालाय. मग ते दगड कुणी ठेवले? आपली शाळा एकमेव आहे असं मी आयुष्यभर धरून चालले. प्रवेशासाठीचा माझा निबंध तिच्यावरच होता. आता कळतं की जगात अशा शाळांची रांग लागली आहे, आणि प्रत्येकीच्या दारात एकेक दादा उभा आहे.

असो. मला गट बदलून घ्यायचा आहे. शाळा का चालू ठेवावी याची चांगली ठणठणीत कारणं मला लिहून पाठव. तुझ्याइतकी ती कुणाला माहीत असणार? लवकर पाठव. संदर्भ म्हणून तुझंच नाव देईन.

तुझी, हसं झालेली,
वटवट

९ मे

चि. वटवटीस,
आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझा भाऊ बाहेर होता. पाकिटावर त्याचं नाव, पण मी उघडलं. आईला सगळं माफ असतं.

तू तिकडे परक्यांच्या शाळेसाठी भांडतेस. इकडे आपल्या शाळेचा निकाल लागला. नवं वर्ष सुरू होईल तेव्हा ती उघडणार नाही. मुलं बसने खाली मोठ्या शाळेत जाणार. तुला वाटेल वरच्यांनी हुकूम काढला. वरचे विसरूनच गेले होते. तुझ्या भावाने आपणहून अर्ज दिला की शाळा बंद करा. जिच्यापायी लग्न लांबवलं, बढती नाकारली, ती शाळा याने स्वतःच्या हाताने बुडवली. आणि आता खालच्या शाळेत साधा मास्तर होणार, त्याच्याहून लहान मुख्याध्यापकाच्या हाताखाली.

मला हे कुणाकडून कळलं? वाण्याकडून. साखर मोजता मोजता तो म्हणाला, मास्तरांनी बरं नाही केलं. मी साखर तिथेच ठेवून घरी आले. तेव्हापासून मी त्याला ताट वाढते, शब्द वाढत नाही. वरच्या वस्तीवरच्या दोन भावांची आई माझ्या दारात येऊन रडून गेली. बस वस्तीपर्यंत चढत नाही. तिची पोरं घरीच बसणार.

तू शिकलेली आहेस. त्याच्या डोक्यात काय शिरलंय ते तूच विचार. मला कळत नाही. नीट जेव.

तुझी,
आई

१७ मे

दादा,

आज नमस्कार नाही.

मी तुझ्याकडे कारणं मागत होते आणि तू मला फळ्याच्या रंगाची बातमी देत होतास. बंद शाळेच्या फळ्याला रंग कशाला दिलास? वाण्याला कळतं, मला कळत नाही. मी भर वर्गात तुझ्या शाळेसाठी उभी राहिले, तेव्हा तू अर्ज देऊन मोकळा झाला होतास. माझी बाजू कोणती, तुझी कोणती, मला काहीच उमजेनासं झालंय. सरळ लिही. नाही तर लिहू नकोस.

वटवट

२५ मे

चि. वटवटीस,
रागासकट अ. उ. आ.

तुझा राग रास्त आहे. सरळ लिहितो.

तुला खारूताई माहीत नाही, ती तू नोकरीसाठी गाव सोडल्यानंतरची. पुढचे दोन दात मोठे, म्हणून हे नाव. तिच्या इयत्तेत ती एकटी. हुशार आहे, पण दिवसचे दिवस बोलत नाही. मला वाटायचं स्वभाव असेल.

सुट्टी लागण्याच्या सुमारास मी मोठ्यांची गणितं तपासत होतो. खिडकीतून पाहिलं तर खारूताई भिंतीकडे तोंड करून, डोळे झाकून आकडे मोजत होती. कुणाबरोबर खेळतेय ते मला दिसेना. मोजून झाल्यावर ती वळली, आणि स्वतःच धावत जाऊन पाण्याच्या टाकीमागे लपली. तिथे गुडघे जवळ घेऊन बसून राहिली. कुणी शोधायला येणार नव्हतं. तरी ती बसली होती, श्वास रोखून.

मी गणितं ठेवली आणि जाऊन तिला शोधून काढलं. वाटलं, खुश होईल. ती उठली, फ्रॉक झटकला आणि मला समजावल्यासारखं म्हणाली की सर, तुम्ही खेळात नाही.

त्यानंतर मला झोप म्हणून लागेना. आपण ही शाळा मुलांसाठी चालवतोय की मुलांना स्वतःच्या सोबतीला बसवून ठेवलंय? अर्ज दिला. टपालपेटीत टाकला आणि लगेच हात आत घालून काढावासा वाटला. आजही वाटतो. फळ्याला रंग दिला कारण दर सुट्टीत देतो. हाताला सवय आहे, दुसरं काही नाही.

वस्तीवरच्या दोघा भावांचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही. खारूताईला सोबत द्यायला मी त्या दोघांची शाळा तोडली, असं त्यांची आई म्हणते. तुला आधी कळवलं नाही कारण तुझ्या निबंधात शाळा फार सुंदर होती. तुझा प्रवेश त्या निबंधावर झालेला, त्यात ही बातमी आडवी घालावीशी वाटली नाही.

कारणं मागितली होतीस. माझ्याकडे दोन्ही बाजूंची सारखीच आहेत. तू शिकून घे आणि मला सांग.

तुझा,
दादा

६ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार परत सुरू.

काल आमचा शेवटचा वाद झाला. मी गट बदलला नाही. 'मिसळा'वाल्यांच्या बाजूने उठले आणि खारूताईचं सांगितलं. नर्स डोळे पुसत होती. आमचा गट खुश, बाजी मारली म्हणून. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण तोंड थांबेना, वस्तीवरच्या दोघा भावांचंही सांगून टाकलं. मग आमचेच लोक चिडले, म्हणाले तू नक्की कुणाची? मी म्हटलं, मला माहीत नाही.

आणि मानडोल्या, दादा! त्यांनी पहिल्यांदाच मान आडवी हलवली. म्हणाले, 'माहीत नाही' हे उत्तर होत नाही. ते स्वतः अशाच एका वस्तीवर वाढले आणि शाळेपासून तुटले होते. पुन्हा पुस्तक हातात धरायला त्यांना मिशी फुटावी लागली. मी इतके दिवस त्यांच्यावर हसत होते.

बाईंनी कुणालाच जिंकवलं नाही. मला एवढंच विचारलं की बस नेमकी कुठून वळते, आणि दोघं भाऊ तिथवर उतरून येऊ शकतात का. आठवडेच्या आठवडे वाद घालून आमच्यापैकी कुणालाच हे विचारायचं सुचलं नव्हतं. तू बघून ठेव.

मी पास झाले, मुख्य वर्गात जाणार. इथे येताना होते त्याहून जास्त गोंधळलेली आहे आणि लोक याला तयारी म्हणतात. माझ्यावर रागावला नव्हतास, तसाच राहा.

तुझी,
वटवट

१९ जून

चि. वटवटीस,
आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र त्याच्या टेबलावर होतं, मी चष्मा लावून वाचलं. टाकीमागे लपणाऱ्या पोरीचं त्याने मला सांगितलं नव्हतं. आता म्हणतो, तू बोलतच नव्हतीस तर सांगणार कसं.

काल बस पहिल्यांदा आली. सगळी मुलं चढली, खारूताई चढेना. तिच्या आईने ओढलं, तुझ्या भावाने समजावलं, तिने खांब धरून ठेवला. मी बघायला म्हणून उभी होते. शेवटी मीच चढले आणि म्हटलं, चल, मलाही बघायची आहे कशी आहे ती शाळा. ती माझ्या शेजारी येऊन बसली. तुझा भाऊ पुढे, मी मागे.

खाली वळणावर मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. वस्तीची पायवाट तिथे उतरते. तो म्हणाला, इथे थांबा नाही. मी म्हटलं, मला मळमळतंय. तो थांबला. मी पायरीवर बसून राहिले. तुझ्या भावाने वर जाऊन दोघा भावांना आणलं. आज पुन्हा तेच केलं, पण धाकटाच आला. थोरला म्हणतो बकऱ्या कोण बघणार. उद्याचं माहीत नाही. मला रोज मळमळू शकत नाही, हे मी तुझ्या भावाला सांगितलं, काही तरी कर म्हणाले. तेच आमचं इतक्या दिवसांतलं पहिलं बोलणं.

शाळा मोठी आहे, गलका फार. मला नाही आवडली. आपल्या शाळेला लागलेलं कुलूप बघवत नाही. तुझ्या भावाने बरोबर केलं असं मी म्हणणार नाही, तूही माझ्या तोंडी ते घालू नकोस.

आज संध्याकाळी खारूताई आमच्या दारात आली. काही तरी सांगायला लागली, पण आवाजच फुटेना. घसा पार बसलेला. मी घाबरले, कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. तुझा भाऊ म्हणाला की दोन दिवस मैदानावर ओरडतेय, आणखी काय होणार. गरम पाणी दिलं, ते तिने कसंबसं गिळलं आणि परत सुरू. हात हलवते, डोळे मोठे करते, मधेच स्वतःशी हसते. आम्ही दोघं वाकून, कान तिच्या तोंडाजवळ नेऊन ऐकत बसलो. एक अक्षर कळलं नाही. ती आपली सांगतच होती.

तू नीट जेव, आणि सवड होईल तेव्हा आईवर थोडी माया करत जा.

तुझी,
आई